लेखन नाकारणारी हार्ड डिस्क : कारणे व उपाय

जिवती तालुक्यातील कोलाम व गोंड वस्त्यांवरील अनेक बालके आपली घरची भाषा घेऊन शाळेत येतात. त्यांच्या आजी-आजोबांच्या तोंडच्या कथा व गीते ध्वनिमुद्रित करून शाळेच्या संग्रही ठेवणे, हे प्राथमिक शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचे कार्य होय. अशा संग्रहास ‘रास्पबेरी पाय’सारखा, एकाच बोर्डावर बसविलेला लहान संगणक पुरेसा होतो. २०१२ साली इंग्लंडमध्ये तो मुळात विद्यार्थ्यांकरिताच सिद्ध झाला. त्याच्या मेमरी कार्डावरील जागा मर्यादित असल्याने ध्वनिमुद्रणे बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर साठविणे सोयीचे असते.

ही डिस्क कधी कधी जुने सर्व दाखविते, परंतु नवे काही लिहून घेत नाही. अशा वेळी ती ‘फॉरमॅट’ करून मोकळे होण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फॉरमॅट केलेली डिस्क लिहून घेऊ लागेलही. परंतु ज्या वृद्धेने गीत म्हटले, ती ते पुन्हा म्हणावयास असेलच असे नाही. म्हणून प्रथम पडद्यावर आलेली सूचना शब्दशः वाचावी. कारण बहुधा तीतच सांगितलेले असते.

(१) ‘परमिशन डिनाइड’ : डिस्क सुस्थितीत आहे, मात्र वापरणाऱ्यास लेखनाचा अधिकार नाही. ‘ईएक्सटी-४’ पद्धतीच्या डिस्कवर संबंधित फोल्डरची मालकी वापरणाऱ्याच्या नावे करून द्यावी. विंडोजच्या डिस्कवर लिनक्सची मालकी सहसा नोंदलेली नसते. तेथे डिस्क जोडतानाच वापरणाऱ्याचे नाव ठरवून द्यावे लागते.

(२) ‘रीड-ओन्ली’ : संगणकाने डिस्कच्या रक्षणार्थ लेखन थांबविले आहे. विंडोजवर वापरलेली डिस्क नीट न सोडवता ओढून काढली, अथवा तो संगणक पूर्ण बंद न होता अर्धनिद्रित राहिला, की असे घडते. ती पुन्हा विंडोजला जोडून दोष तपासावेत, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे व मग ती रीतसर सोडवावी. ‘ईएक्सटी-४’ डिस्कवर हीच सूचना आल्यास बिघाडाची शंका घ्यावी. आधी प्रत काढावी, दुरुस्ती नंतर.

(३) ‘फाईल टू लार्ज’ : ‘फॅट-३२’ पद्धतीत ४ जीबी वा त्याहून मोठी एकच फाईल मावत नाही. लांबलेल्या चित्रफितीचे भाग पाडावेत.

(४) ‘नो स्पेस लेफ्ट’ : डिस्कवर जागा उरलेली नाही. जुने साहित्य अन्यत्र हलवावे.

लिहिता लिहिता डिस्क नाहीशी होत असेल, किंवा पडद्यावर विजेचे चिन्ह उमटत असेल, तर वीजपुरवठा अपुरा समजावा. ‘पाय ४’ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि त्याचे चारही यूएसबी मुख मिळून डिस्क इत्यादींस १.२ अँपिअरच देतात. फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होताना अधिक वीज ओढते. तिच्यासाठी स्वतंत्र वीज असलेला यूएसबी हब वापरावा. मोबाईलचा साधा चार्जर येथे उपयोगी नाही.

संगणक लेखन काही क्षण स्मृतीत धरून मग डिस्कवर उतरवितो. वीज गेली वा तार उपटली, तर ते अर्धवट राहते. म्हणून काम संपताच डिस्क रीतसर सोडवावी, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, निराळ्या जागी ठेवावी.