वळणावरचा तोल

कामोठ्यातून बाहेर पडावे तो शीव-पनवेल महामार्ग, आणि कळंबोलीचा वळसा ओलांडावा तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ, अशी या वसाहतीची जागा असल्यामुळे येथील तरुणांच्या सायंकालीन संभाषणात मोटारींचा विषय निघणे स्वाभाविक आहे. आणि तो निघाला की निस्सान स्कायलाइन, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७, मित्सुबिशी इव्होल्यूशन, सुबारू इम्प्रेझा ही जपानी टर्बो मोटारींची नामावळी मोठ्या आदराने उच्चारली जाते. तो आदर मलाही आहे. परंतु त्याच्या आश्रयाने काही गैरसमज रूढ झाले आहेत, आणि ते थेट घाटातल्या वळणापर्यंत सोबत येत असल्यामुळे त्यांचा खुलासा करणे अगत्याचे वाटते.

सर्वांत दृढमूल समज असा की, पुढच्या आणि मागच्या चाकांवर निम्मा-निम्मा भार पडला म्हणजे मोटारीचा तोल परिपूर्ण झाला. हे प्रमाण उभ्या मोटारीचे असते, धावत्या मोटारीचे नव्हे. १,५०० किलो वजनाची, पुढच्या-मागच्या आसांत अडीच मीटर अंतर असलेली आणि जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली मोटार घ्या. रस्त्याची पकड जवळजवळ पुरती वापरली जाईल इतक्या जोराने ब्रेक दाबला, तर सुमारे ३०० किलो भार मागून पुढे सरकतो आणि ७५०-७५० ची वाटणी क्षणात १,०५०-४५० होते. मग १९९१ साली आलेल्या आरएक्स-७ ची कीर्ती कशामुळे? केवळ समान वाटणीमुळे नव्हे, तर तिचे लहानसे वांकेल इंजिन पुढच्या आसाच्या मागे, म्हणजे मोटारीच्या मध्याकडे बसवलेले होते आणि सगळी मोटार सुमारे १,२५० किलोंची होती, यामुळे. काठीच्या दोन्ही टोकांना वजने बांधून ती फिरवावी, आणि नंतर तीच वजने मुठीजवळ आणून फिरवावी. हाताला जो फरक जाणवतो तोच फरक वळणावर चालकाला जाणवतो. मात्र या गुणालाही किंमत असते. टोयोटा एमआर-२ ची दुसरी आवृत्ती, जिचे इंजिन आसनांच्या मागे होते, चपळपणे वळत असे. पण भर वळणात चालकाने ॲक्सिलरेटरवरून एकाएकी पाय काढला की तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाई, आणि पुढे उत्पादकांना सस्पेन्शनमध्ये दुरुस्ती करावी लागली.

सुबारूचे आडवे इंजिन खाली बसते, सबब ती मोटार सर्वांत समतोल, हाही युक्तिवाद अर्धाच खरा आहे. गुरुत्वमध्य खाली येतो हे निर्विवाद, परंतु तेच इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे असल्यामुळे नाक जड होते. १९९५ साली कॉलिन मॅक्रे याने याच मोटारीवर जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवले ते मुख्यतः खडी-मातीच्या वाटांवर, आणि तेथे पकडीचा हिशेब डांबरी रस्त्याहून अगदी निराळा असतो.

सर्वांत घातक समज चारही चाकांना शक्ती देणाऱ्या रचनेविषयीचा आहे. १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये शक्ती सामान्यतः मागच्या चाकांकडे जात असे, आणि ती चाके घसरू लागली की निम्म्यापर्यंत पुढे वळवली जाई. १९९६ च्या चौथ्या इव्होल्यूशनमध्ये मागच्या दोन चाकांत ती कमी-अधिक वाटण्याचीही तजवीज होती. दोन्ही योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने थोर आहेत, परंतु त्यांचा अंमल प्रामुख्याने वेग घेताना चालतो. थांबताना मात्र प्रत्येक मोटार चारच टायरांवर थांबते. आषाढातल्या ओल्या डांबरावर ही रचना ब्रेकचे अंतर वीतभरही कमी करीत नाही.

टर्बोने तोल बिघडतो म्हणावे, तर टर्बोचे स्वतःचे वजन जुजबी असते. बिघडवतो तो विलंब: निकासवायूने चक्र फिरवून दाब निर्माण होईपर्यंत थोडा काळ जातो, आणि ती शक्ती नेमकी वळणाच्या मध्यावर, टायर आधीच पुरते ताणलेले असताना, एकदम येऊन पोचते. आरएक्स-७ मध्ये एकामागून एक कार्यान्वित होणारे दोन टर्बो बसवले ते हा विलंब घटवण्यासाठीच. माझ्या मते, या सर्वांत तोलाचा मान तिलाच द्यावा लागेल. ओल्या रस्त्यावरून वेग घेण्यात मात्र जीटी-आर श्रेष्ठ.

आपल्यापैकी फारच थोड्यांना या मोटारी लाभतील. २०१६ साली भारतात आलेल्या जीटी-आरची किंमतच दोन कोटींच्या घरात होती. परंतु मारुतीची टर्बो फ्रॉन्क्स आज गल्लोगल्ली दिसते, आणि स्प्रिंगा कापून मोटार खाली बसवली व सस्पेन्शन कडक केले की ती जपानी मोटारीसारखी रस्ता धरील, असे समजून तिच्यावर खर्च करणारेही दिसतात. खडबडीत रस्त्यावर कडक सस्पेन्शनची मोटार उसळते, आणि हवेत उचललेल्या टायरला पकड उरत नाही. तो पैसा चांगल्या टायरांवर खर्च करावा. द्रुतगती मार्गाकडे निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, हवेचा दाब मोजून घ्यावा. आणि खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी भरली, तर त्या टायरांवर मोटार बोरघाटात नेऊ नये.