एचएमटीचं बियाणं, तेंदूचा करारनामा

नागभीड तालुक्यातल्या नांदेड (फकीर) गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जेमतेम दीड एकराचे धनी. 1983 साली ‘पटेल-3’ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढून ते वर्षानुवर्षं निवडून पेरत गेले. दाणा बारीक, भात चवदार, उताराही चांगला. 1990च्या सुमारास हा धान तळोधीच्या बाजारात पोचला तेव्हा त्याला नावही नव्हतं. एचएमटी घड्याळांची तेव्हा चलती होती. व्यापाऱ्यानं तेच नाव धानाला देऊन टाकलं.

खरेदी-विक्रीच्या दृष्टीनं हा प्रसंग लक्षणीय आहे. मालाचं वर्णन ठरवलं ते घेणाऱ्यानं, आणि त्यात वाण काढणाऱ्याचा उल्लेखच नव्हता. गावात बियाणं देताना कोण कागद करतो? शेजाऱ्याला पायलीभर दिलं, सुगीला त्यानं परत केलं, झालं. 1872चा भारतीय करार कायदाही तोंडी कराराला नाकारत नाही. अडचण येते ती पुढे, कोणी काय कबूल केलं होतं ते दाखवायची वेळ आल्यावर.

ती वेळ आली. 1994 मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठानं दादाजींकडून पाच किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं आणि 1998 मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. आपण ते शुद्ध करून घेतलं, ही विद्यापीठाची बाजू. मूळ वाण माझं, हे दादाजींचं म्हणणं. बियाणं देताना चार ओळी लिहिल्या असत्या, की हे कशासाठी दिलं, पुढे वाण निघालं तर नाव कोणाचं आणि वाटा किती, तर निदान वादाला आधार सापडला असता.

कायद्यानं या प्रश्नाची दखल 2001 साली घेतली. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्यालाही वाणाची नोंदणी करता येऊ लागली. मूळ बियाणं कायदेशीर मार्गानंच मिळवलं, असं अर्जदाराला जाहीर करावं लागतं, आणि लाभात वाटा मागण्याची तरतूदही झाली. बियाणं राखणं, वाटणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क कायम राहिला. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. 2010 मध्ये ‘फोर्ब्स’नं त्यांची दखल घेतली. तोवर त्यांनी ‘नांदेड चिन्नोर’, ‘डीआरके’, ‘विजय नांदेड’ अशी आणखी वाणं काढली होती. 3 जून 2018 रोजी ते गेले.

धानाच्या बांधीपलीकडे जंगल लागतं, आणि तिथली कहाणी उलटी आहे. तिथे कागद भरपूर होते, पण ते लिहिणाऱ्यांत गावच नव्हतं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळे. करार सरकार आणि कारखाना यांच्यातला. तेंदूचंही तसंच. 1969च्या कायद्यानंतर लिलाव वनखात्याचे, बोली ठेकेदारांच्या, आणि तोडणाऱ्याच्या वाट्याला पुड्यामागची मजुरी.

2006च्या वनहक्क कायद्यानं बांबू आणि तेंदूपान गौण वनोपजात धरलं आणि विकणारा बदलला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर ग्रामसभा स्वतः खरेदीदार शोधू लागली. 2012च्या सुधारित नियमांनी परवान्याचा हा अधिकार सर्वत्र गावाकडे दिला.

2013 पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदूही स्वतः विकू लागल्या, आणि करारनाम्यातलं एकेक कलम अनुभवातून कळत गेलं. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, हे माप आधी लिहायचं. पानं गोळा होतात त्या फळीवर मोजणी कोण करणार आणि पाऊस आला तर भिजलेला माल कोणाचा, हेही. मजुरी आणि रॉयल्टी वेगवेगळ्या दाखवायच्या. 2017 च्या हंगामात बोली भलत्याच चढल्या. पुढे दर कोसळले आणि काही ठेकेदारांकडे गावांचे पैसे अडकले. चढा दर म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे, हे कळल्यावर अनामत, हप्त्यांच्या तारखा आणि पैसे चुकते होईपर्यंत माल न उचलण्याची अट यांवर भर आला.

कराचं कलमही असंच मागाहून शिरलं. जुलै 2017 मध्ये तेंदूपानावर 18 टक्के जीएसटी लागला, तेव्हा दरात कर धरला आहे की नाही, हे लिहून ठेवणं भाग पडलं. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. म्हणजे नव्या हंगामाच्या कागदांत ही ओळ पुन्हा लिहावी लागणार, आणि वाचलेल्या 13 टक्क्यांवर ग्रामसभा आणि ठेकेदार यांची घासाघीस ठरलेली.