खेळाडूचें मोल : दर, दिवस आणि निर्वाह

पहाटेच्या गाडीनें डोंबिवलीहून मुंबईकडे निघालेल्या प्रवाशांत, कचेरीच्या पिशव्यांबरोबरच, बॅटीचें टोंक बाहेर डोकावत असलेली एखादी लांबट पिशवी हटकून दिसते. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील होतकरू खेळाडूंच्या आयुष्याचा मोठा भाग असा लोकलगाडींत जातो. भारताच्या कसोटी संघाचें नेतृत्व केलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलींतच वाढला, आणि लहानपणीं याच मार्गानें मुंबईच्या मैदानांवर जात असे. त्याचें यश सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच गाडींत, त्याच वजनाची पिशवी खांद्यावर घेऊन, जेव्हां एखादी मुलगी चढते, तेव्हां तिच्या घरीं एक प्रश्न उभा राहतो : इतक्या कष्टांचा मोबदला तिला मुलाइतकाच मिळेल काय? ‘समान मोबदला’ हे शब्द सोपे आहेत. त्यांचा हिशेब मात्र तितका सोपा नाहीं.

खेळाडूच्या हातीं पडणाऱ्या पैशाचे तीन प्रकार आहेत. पहिला पारितोषिकाचा : जिंकल्यावर मिळणारा व देणाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असणारा. दुसरा मानधनाचा : मैदानांत उतरल्याबद्दल, हार होवो वा जीत होवो, ठरलेल्या दरानें मिळणारा. तिसरा वेतनाचा : सामना असो वा नसो, महिन्याच्या महिन्यास येणारा, व म्हणून घरभाडें आणि वाणसामान ज्यावर चालतें असा. वृत्तपत्रांतून गाजतें तें बहुधा पारितोषिक. न्यायाचा निवाडा मात्र दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत होतो.

महिलांच्या क्रिकेटचें उदाहरण घेतल्यास हें स्पष्ट होईल. १९७३ सालीं भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षीं पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यास भरली. पुढें तीन दशकें हा खेळ मुख्यतः खेळाडूंच्या हौसेवर व त्यांच्या पालकांच्या खिशावर चालला. २००५ सालीं भारतीय संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, त्या स्पर्धेंत सामन्यामागें एक हजार रुपये मिळाले होते, असें कर्णधार मिताली राज हिनें पुढें सांगितलें आहे. २००६ सालीं महिलांचें क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखालीं आलें. तथापि वार्षिक करार सुरू होण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत अनेकींना तारलें तें रेल्वेच्या नोकरीनें. मुंबईची डायना एदलजी रेल्वेंतच नोकरीस होती. देशांतर्गत स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघानें वर्षानुवर्षें जें वर्चस्व गाजविलें, त्याचें एक कारण हेंच कीं, खेळाडूला महिन्याचें वेतन देणाऱ्या फार थोड्या संस्थांपैकीं ती एक होती.

२७ ऑक्टोबर २०२२ रोजीं नियामक मंडळानें आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीं स्त्री व पुरुष खेळाडूंस समान मानधन जाहीर केलें : कसोटीस १५ लक्ष, एकदिवसीय सामन्यास ६ लक्ष व वीस षटकांच्या सामन्यास ३ लक्ष रुपये. तोंवर मर्यादित षटकांच्या सामन्यास महिलांना १ लक्ष रुपये मिळत. सुधारणा मोठी खरीच. परंतु दर समान झाला म्हणजे उत्पन्न समान झालें असें नव्हे. दराला दिवसांनीं गुणावें लागतें. गवंड्याचा रोज दुप्पट केला, पण काम महिन्यांतून दोनच दिवस दिलें, तर त्याच्या घरची चूल पेटत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें भारत व इंग्लंड यांच्या महिला संघांची कसोटी ठाणें जिल्ह्यांतील नेरूळ येथें झाली आणि भारतानें ती ३४७ धावांनीं जिंकली. आपल्या देशांत महिलांची कसोटी होण्याची नऊ वर्षांनंतरची ती पहिलीच वेळ होती. जो सामना वर्षानुवर्षें भरतच नाहीं, त्याचें मानधन १५ लक्ष असलें काय किंवा १५ कोटी असलें काय, सारखेंच.

वार्षिक करारांत तर दरहि समान नव्हता. २०२४-२५ च्या हंगामांत पुरुषांच्या ‘अ’ श्रेणीचा करार ५ कोटींचा, तर महिलांच्या ‘अ’ श्रेणीचा ५० लक्षांचा होता. राज्याच्या संघाकडून खेळणाऱ्या महिलेस २०२१ पासून दिवसाला २० हजार रुपये मिळत, तेव्हां पुरुषास ४० ते ६० हजार मिळत. डिसेंबर २०२५ मध्यें एकदिवसीय सामन्यांतील महिलांचा हा दर ५० हजारांवर नेण्यांत आला. डोंबिवलीच्या मुलीच्या दृष्टीनें हीच बातमी अधिक मोलाची. कारण भारताच्या संघांत एका वेळीं अकराच जणी खेळतात, राज्याराज्यांच्या संघांतून शेंकडों.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो : प्रेक्षक व जाहिराती पुरुषांच्या खेळास अधिक, तेव्हां पैसाहि त्यांनाच अधिक मिळावयाचा. ह्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. व्यावसायिक लीगचा लिलाव हा बाजार आहे. २०२३ सालीं महिलांच्या पहिल्या लिलावांत सांगलीच्या स्मृति मानधना हिला ३ कोटी ४० लक्षांची सर्वोच्च बोली लागली. २०२४ सालीं पुरुषांच्या लिलावांत ऋषभ पंत याला २७ कोटींची लागली. परंतु पुरुषांची लीग २००८ सालीं सुरू झाली व महिलांची २०२३ सालीं. पंधरा वर्षें दुकानच उघडूं द्यावयाचें नाहीं आणि मग गिऱ्हाईक कमी म्हणून दोष द्यावयाचा, असा हा प्रकार झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नेरूळच्या त्याच मैदानांत, तुडुंब गर्दीसमोर, भारतीय महिलांनीं दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हां गिऱ्हाईकाची शंका उरली नाहीं. शिवाय देशाचा संघ हा बाजार नव्हे. दोघांच्या छातीवरील चिन्ह एकच असतें. टेनिसमध्यें अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेनें १९७३ सालींच समान बक्षिसें दिलीं. विंबल्डनला महिला १८८४ पासून खेळत असूनहि तेथें ही समता २००७ सालीं आली. समता आपोआप येत नाहीं; ती कोणास तरी ठरवावी लागते.

क्रिकेटबाहेरचें चित्र अधिक कठीण आहे. ठाणें व कल्याणच्या परिसरांत, क्रीडामंडळांच्या अंगणांत रुजलेला खेळ म्हणजे कबड्डी. २०१४ सालीं पुरुषांची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हां सर्वांत महाग खेळाडू १२ लक्ष ८० हजारांचा होता. दहा वर्षांच्या आंत बोली २ कोटींपलीकडे गेली. महिलांसाठीं २०१६ सालीं त्याच लीगच्या जोडीनें अवघ्या तीन संघांची स्पर्धा भरली. ती पुढें चालूं राहिली नाहीं. गुण कमी पडले असें मात्र नव्हे. आशियाई क्रीडास्पर्धांत महिलांची कबड्डी २०१० सालीं आली, आणि २०१०, २०१४ व २०२३ असें तीनदां भारतीय महिलांनीं सुवर्णपदक मिळविलें.

म्हणूनच बहुसंख्य खेळाडूंचें खरें वेतन म्हणजे खेळाच्या बळावर मिळालेली नोकरी. १९५२ सालीं खाशाबा जाधव हेलसिंकीस निघाले, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कांस्यपदक आलें, पण त्यामागें व्यवस्था नव्हती, एका शिक्षकाचा त्याग होता. त्यानंतर ७२ वर्षांनीं, २०२४ सालीं, महाराष्ट्राला दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा स्वप्नील कुसाळे हा २०१५ पासून मध्य रेल्वेच्या नोकरींत होता. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतहि खेळाडूंसाठीं पांच टक्के आरक्षण आहे.

नोकरी मात्र यशानंतर येते. तिच्या आधींचीं कॉलेजचीं वर्षें बहुतेक उघडींच राहतात. विद्यार्थी खेळाडूस परीक्षेंत वाढीव गुण मिळतात, पण गुणांनीं बुटांचा वा औषधाचा खर्च भागत नाहीं. केंद्र शासनाच्या ‘खेलो इंडिया’ योजनेंत निवडलेल्या मुलामुलींना सारखाच १० हजार रुपयांचा मासिक भत्ता आहे. परंतु निवड मोजक्यांचीच होते. अमेरिकेंत विद्यापीठांचे खेळाडू पिढ्यान् पिढ्या प्रेक्षागारें भरीत आले, तरी त्यांना वेतन निषिद्ध होतें. २०२१ सालीं त्यांना स्वतःच्या नांवावर जाहिरातीचा पैसा घेण्याची मोकळीक मिळाली, आणि २०२५ सालीं न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें विद्यापीठांनीं थेट पैसे देण्याचा मार्ग खुला झाला.

तात्पर्य, एखाद्या खेळांत समता आली अशी घोषणा कानावर पडली, म्हणजे तीन गोष्टी तपासाव्या : दर समान आहे काय, खेळावयाचे दिवस समान आहेत काय, आणि मैदान सुटल्यावर किंवा गुडघा दुखावल्यावर निर्वाहाची सोय समान आहे काय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका ठरावानें देतां येतें. उरलेल्या दोहोंचें उत्तर स्पर्धा भरविणाऱ्या संघटना, नोकरी देणाऱ्या संस्था आणि मुलीच्या सामन्यास तिकीट काढून जाणारीं घरें यांनीं मिळून द्यावयाचें आहे. तें मिळेल त्या दिवशीं डोंबिवलीच्या गाडींतील त्या दोन पिशव्यांचें वजन खऱ्या अर्थानें सारखें होईल.