विमान वेळापत्रकातील बदल

तिकीट काढल्यानंतर विमान कंपनीने उड्डाणाची वेळ, दिवस वा मार्ग बदलणे, यास वेळापत्रकातील बदल म्हणतात. वेळापत्रके हंगामी असतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या, तर हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागू होते. त्यामुळे हंगामापूर्वीच काढलेल्या तिकिटावरील वेळ पुष्कळदा कच्चीच असते.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार उड्डाण रद्द झाल्यास प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा परतावा यांपैकी एक निवडता येते. सहा तासांहून अधिक विलंब होणार असल्यासही हाच पर्याय असतो. रद्द झाल्याची सूचना किमान २४ तास आधी न मिळाल्यास, उड्डाणाच्या कालावधीनुसार कमाल ५,००० ते १०,००० रुपये भरपाई देय ठरते. वादळासारखी कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणे यास अपवाद आहेत.

मात्र तिकिटावर एजंटाचा दूरध्वनी क्रमांक नोंदवलेला असल्यास सूचना त्याच्याकडेच जाते. आणि प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर भरपाईही मिळत नाही.

खरी अडचण जोडप्रवासात येते. नागपूरहून मुंबईमार्गे परदेशी जाणाऱ्याने दोन स्वतंत्र तिकिटे काढली असतील आणि पहिले उड्डाण उशिरा ठेवले गेले, तर दुसरे चुकण्याची जोखीम सहसा त्याचीच असते. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असल्यास पुढील व्यवस्था सहसा कंपनी करते. नवी वेळ एकदा स्वीकारल्यावर परतावा मागणे कठीण जाते, म्हणून ‘स्वीकारा’ हे बटण दाबण्यापूर्वी पुढील उड्डाणाची वेळ पडताळावी.