पारसनीस : आडनाव विरळ का, आणि आलं कुठून

आडनावांवर काहीही लिहिलं की मंडळाकडे प्रश्न येतात, आणि त्यांत एक प्रश्न वारंवार असतो : ‘पारसनीस म्हणजे मूळचे पारशी का हो?’ इंदूरसारख्या हिंदी बोलणाऱ्या शहरात तर हे आडनाव ऐकलं की समोरचा माणूस हमखास पारशी समजतो. काही घरांतली नवी पिढीसुद्धा ‘आमचे पूर्वज इराणातून आले असावेत’ असं सांगू लागली आहे. दुसरी एक गोष्ट परिसाची. कुणा पूर्वजाकडे परीस होता म्हणून पारसनीस! दोन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत, पण दोन्ही खऱ्या नाहीत. खरी हकीकत कचेरीतली आहे. ती समजली की हे आडनाव इतकं विरळ का, हेही आपोआप उलगडतं.

आधी शब्द पाहू. शेवटचा ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. हिंदीत अजून अर्जीनवीस, अखबारनवीस हे शब्द चालतात, तोच हा नवीस. मराठीत तो घासून ‘नीस’ झाला. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा चिटणीस, फर्द म्हणजे याद्या-हिशेबाचे कागद सांभाळणारा फडणीस, हजेरीपट ठेवणारा सबनीस, कोठारं आणि सामानसुमान पाहणारा कारखानीस, रोकड सांभाळणारा पोतनीस, हिशेबाचा हसबनीस, जमेच्या बाजूचा जमेनीस.

जाता जाता एक गंमत सांगतो. फडणीस, चिटणीस यांत ‘ण’ आहे. पण सबनीस, पोतनीस, पारसनीस यांत ‘न’. हा लेखनिकांचा गोंधळ नाही. मागे ‘ड’ किंवा ‘ट’ आला की जीभ टाळूलाच राहते आणि ‘न’चा ‘ण’ होतो. मागे ‘ब’, ‘त’, ‘स’ असेल तर ‘न’ तसाच राहतो. म्हणून कुणी ‘पारसणीस’ लिहिलं तर बिनदिक्कत दुरुस्त करावं.

आता ‘पारस’. इराणातल्या एका प्रांताचं जुनं नाव पार्स. अरबी लिपीत ‘प’ नाही, म्हणून अरबांनी त्याचं फार्स केलं आणि भाषेचं नाव फारसी झालं. आपल्याकडे संस्कृतात ‘पारसीक’ होतंच, त्यामुळे जुन्या मराठीत त्या भाषेला पारसी म्हणत. पारसी लिहिणारा तो पारसनीस. पारशी समाजाचं नावही त्याच मुळातून आलं, पण ते वेगळ्या वाटेनं. पारसनीस हा मराठी दफ्तरातला, फारसी जाणणारा मराठी माणूस.

त्याचं काम काय होतं? दरबारचा रोजचा कारभार मराठीत, मोडी लिपीत चाले. दिल्लीचे बादशहा, त्यांचे वजीर, निजाम, अयोध्येचे नवाब यांच्याशी होणारा पत्रव्यवहार मात्र फारसीत. इंग्रजांचं कलकत्त्याचं सरकारसुद्धा हिंदुस्थानी राजांना बराच काळ फारसीतच लिहीत असे. असा खलिता आला की तो उघडायचा, शिकस्ता म्हणजे घसरत्या वळणाचं अक्षर लावायचं, मजकूर धन्याला मराठीत सांगायचा आणि उत्तराचा मसुदा करायचा. यात सगळ्यांत नाजूक भाग अलकाबांचा, म्हणजे पत्राच्या माथ्यावरच्या किताबांचा. कुणाला कोणता किताब लावायचा, कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यात चूक झाली की मजकूर कितीही गोड असला तरी अपमान ठरे. म्हणजे हा नुसता कारकून नव्हता. भाषा आणि रीतभात दोन्ही जाणणारा विश्वासू माणूसच तिथं लागे.

शिवाजी महाराजांच्या काळात हे काम नीळ प्रभू मुनशी यांच्याकडे होतं. जिझिया कराबद्दल औरंगजेबाला गेलेलं प्रसिद्ध फारसी पत्र त्यांच्याच लेखणीचं, असं मानलं जातं. याच राजवटीत फारसी पदनामांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश झाला : पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत. पण आडनावांकडे पाहा. मुजुमदार, फडणीस, सबनीस, पोतनीस आजही आहेत. कोशानं दरबारची भाषा बदलली, लोकांच्या तोंडची नावं फारसीच राहिली.

आता मुख्य प्रश्न. कुलकर्णी, देशपांडे गल्लोगल्ली भेटतात आणि पारसनीस शोधावे लागतात, असं का? माझं उत्तर असं की पदावरून पडलेलं आडनाव किती पसरेल, हे त्या पदाच्या जागा किती होत्या यावर ठरतं.

कुलकर्णी गावागणिक. हजारो गावं, म्हणून कुलकर्ण्यांची घरंही हजारो. देशपांडे परगण्यागणिक, म्हणून त्यांची संख्या त्याहून कमी, तरी भरपूर. सबनीस आणि कारखानीस किल्ल्यागणिक, कारण किल्ल्यावर हवालदार आणि सरनोबत यांच्याबरोबर सबनीस असायचाच आणि कोठाराला कारखानीस. पुढे मराठी कारभारात आठ दरकदार ठरून गेले : दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. ही पदं जागोजागी नेमली जात, म्हणून ही आडनावंही जागोजागी आहेत.

या आठांत पारसनीस नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी. फारसी पत्र किल्ल्याला येत नसे, परगण्याला येत नसे. ते येई दरबाराला. म्हणजे जिथून परमुलखाशी बोलणी चालत, अशा मोजक्या ठिकाणीच या माणसाची गरज.

शिवाय कुलकर्णीपण हे वतन होतं, ते बापाकडून मुलाकडे आणि भावाभावांत वाटून जाई. एका वतनाचे चार वाटेकरी झाले तरी चौघे कुलकर्णीच. फारसी मात्र वारशात मिळत नाही, ती शिकावी लागते. मुलानं शिकली नाही तर पद दुसऱ्या घराकडे गेलं.

मग इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथं काय झालं? इथं प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी आहे.

ग्वाल्हेरला खरं तर पारसनीस भरपूर असायला हवेत असं वाटतं. महादजी शिंद्यांना १७८४ साली शाह आलम बादशहानं वकील-इ-मुतलक केलं, म्हणजे दिल्लीचा कारभारच हाती आला. फारसी कागदांचा नुसता पूर आला असणार. पण उत्तरेत फारसीत मुरलेले मुनशी तयारच मिळत. दौलतरावांच्या वेळी, १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांच्या बाजूनं मुनशी कमलनयन दिसतात. काम तेच, पण पदनाव ‘मुनशी’ आणि माणूस स्थानिक. तेव्हा फारसी काम जास्त म्हणून पारसनीस जास्त, असं सरळ गणित मांडता येत नाही.

हैदराबादेत याच्या उलट. तिथं निजामाचा सगळा सरकारी कारभारच फारसीत होता. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूनं घेतली. जिथं सगळेच फारसी लिहितात तिथं ‘फारसी लिहिणारा’ हे कुणा एकाचं वेगळं नाव कसं पडणार? हे माझं अनुमान आहे, पण मला ते पटतं : पारसनीस हे पद मुळात मराठी दफ्तराचं लक्षण आहे. आजूबाजूला मराठी असेल तरच फारसीचा जाणकार उठून दिसतो.

गोव्यात पोर्तुगीजांनाही शेजारच्या राज्यांशी बोलायला दुभाषे लागत, आणि ते काम बहुधा स्थानिक ब्राह्मण करत. पण तिथं त्या पदाला ‘लिंग्वा’ म्हणत, म्हणजे जीभ.

इंदूर आणि बडोदे ही मराठी दफ्तराची संस्थानं. पण १८१८ नंतर चित्र पालटलं. पेशवाई बुडाली. होळकरांचा मंदसोरचा तह त्याच वर्षी जानेवारीत झाला, आणि परराज्यांशी स्वतंत्र बोलणी करण्याचा मार्ग बंद झाला. जे काही बोलायचं ते इंग्रज रेसिडेंटाशी. १८३७ च्या कायद्यानं कंपनीनं आपल्या कचेऱ्यांतूनही फारसीला निरोप दिला. म्हणजे पारसनिशीचं काम आटलं ते नेमकं इंग्रजी अमदानीत, शाळा, कोर्ट आणि नोकरीच्या कागदांवर आडनावं कायमची पक्की होऊ लागली त्या सुमारास. ज्या घरांना ते नाव तेव्हा चिकटलेलं होतं, त्यांच्याकडेच ते राहिलं. नवे पारसनीस होण्याचं कारणच संपलं.

या आडनावाचे सर्वांत नामांकित गृहस्थ म्हणजे साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६). झाशीच्या राणीचं त्यांनी लिहिलेलं चरित्र १८९४ सालचं. ‘इतिहाससंग्रह’ त्यांनी चालवला, किंकेड यांच्याबरोबर मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास लिहिला. त्यांनी जमवलेले कागद आणि चित्रं आधी साताऱ्याच्या संग्रहालयात होती, १९३९ साली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आली. जुने कागद वाचणं ज्याच्या नावातच आहे अशा घराण्यातल्या माणसानं हे करावं, हे मला फार साजेसं वाटतं.

आज पारसनीस किती आहेत? जनगणना आडनावांचे आकडे छापत नाही, तेव्हा छातीठोक संख्या कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नये. मतदारयाद्या, शाळांची दाखल-पुस्तकं, जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, वधुवर सूचक मंडळांच्या वह्या यांवरून अंदाज येतो, पण त्यातही मेख आहे. रोमन लिपीत शेवटच्या ‘नीस’ला कधी एक ‘आय’, कधी दोन ‘ई’. हिंदी यादीत ऱ्हस्व ‘नि’. शोध घेताना ही सगळी रूपं पाहावी लागतात, नाहीतर अर्धी घरं निसटतात. ‘नीस’ आणि ‘नवीस’ हा भेदसुद्धा प्रांत सांगतो : नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात फडणवीस, चिटणवीस ही लांब रूपं टिकली, देशावर बहुधा फडणीस, चिटणीस.

आणि संख्येपेक्षा मोठा घोटाळा नात्याचा. ‘आडनाव विरळ, तेव्हा सगळे पारसनीस एकाच मूळ पुरुषाचे’ असं समजून वंशवृक्ष जुळवणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. पदावरून पडलेल्या नावाला हा नियम लागू होत नाही. दोन दरबारांत दोन वेगवेगळ्या घरांतले लोक फारसी लिहीत असतील तर दोन्ही घरं पारसनीस. त्यांचं गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं, मूळ गावही वेगळं असू शकतं. उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. नाना फडणवीस मूळचे वेळासचे भानू. बाळाजी आवजी चिटणीस मूळचे चित्रे. पहिले कोकणस्थ ब्राह्मण, दुसरे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. दोघांची आडनावं ‘नीस’ची, पण नातं काही नाही. देशपांडे ब्राह्मणांत आहेत आणि कायस्थ प्रभूंतही आहेत, तसंच हे.

तेव्हा ज्यांच्या घरी हे आडनाव आहे, किंवा जे कुणा पारसनीसांचे आप्त आहेत, त्यांना माझं सांगणं असं. आधी मूळ आडनाव शोधा. घरात गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव माहीत असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. पूर्वज यात्रेला गेले असतील तर नाव, गाव आणि पिढ्या तिथं लिहिलेल्या सापडतात, आणि पदापूर्वीचं आडनावही कधी कधी तिथंच मिळतं.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. जुने वाडे पडताहेत, त्यांच्या जागी फ्लॅट होताहेत. माळ्यावरची दफ्तरं खाली आली की मोडीचे रुमाल निदान कुणीतरी ‘मराठी आहे, ठेवा’ म्हणून बाजूला ठेवतो. फारसी कागद मात्र ‘हे आपलं नाही, कुणाचं तरी उर्दूत आहे’ असं म्हणून रद्दीत जातात. पारसनिसांच्या घरात तर तेच कागद घराण्याचे खरे कागद! ते वाचता येत नसले तरी टाकू नका. दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो घ्या, गठ्ठ्याचा मूळ क्रम मोडू नका, चिकटपट्टी लावू नका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आपल्या माळव्यात सीतामऊचं नटनागर शोध संस्थान आहे; अशा ठिकाणी विचारलं तर कागद वाचणारे मिळतात.

आणि कुणी पुन्हा ‘तुम्ही पारशी का?’ म्हणून विचारलंच, तर रागावू नये. ‘नाही, आमचे पूर्वज पारसी वाचत होते’ एवढं सांगावं.