झाडू कोणाच्या हातात, वही कोणाच्या हातात?

शाळेत स्वच्छतेचा कार्यक्रम असला की एक गोष्ट नेहमी घडते. सर किंवा मॅडम पटापट नावे घेतात. काही मुलांच्या हातात झाडू येतो, काहींच्या हातात पाण्याची बादली येते. एकाच्या हातात मात्र वही असते. कोण आले, कोण नाही, कोणी किती काम केले, हे तो लिहितो. फोटो काढताना वहीवाला पुढे असतो आणि झाडूवाले मागे. पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम होतो, पुन्हा तीच नावे आणि पुन्हा तेच हात.

बहुतेक वेळा यात कोणाचा वाईट हेतू नसतो. सवयीने होते. पण सवय कुठून आली, हे आपण विचारले पाहिजे. हायस्कूलमधील सेवा मंडळे, स्काऊट-गाईडची पथके, हरित सेना यांतून नेतृत्व घडते असे आपण म्हणतो. ते खरेही आहे. मात्र ज्या मुलाने तीन वर्षे फक्त झाडूच धरला आणि ज्याने तीन वर्षे फक्त वहीच धरली, त्या दोघांचे नेतृत्व सारखे घडत नाही. म्हणून शाळेतील सेवेकडे चळवळीतील तरुणांनी जरा बारकाईने पाहावे, यासाठी हा लेख.

सेवा आणि वेठ

आपल्या समाजाला 'सेवा' हा शब्द नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावाची सेवा आपल्याच माणसांनी केली. सांगावे पोहोचवणे, रात्रीची राखण, सरकारी पैसा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे, मयताचा निरोप घेऊन गावोगाव धावणे, मेलेले जनावर ओढून नेणे ही सगळी कामे वतनाच्या नावाने माथी मारलेली होती. मोबदल्यात मिळायचे थोडे बलुते आणि जमिनीचा एखादा तुकडा. काम नाकारण्याची सोय नव्हती. कोणते काम करायचे, कधी करायचे, हे ठरवणारा दुसराच होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब त्या परिषदेला आले. नळदुर्गच्या मुलांना हा इतिहास दूरचा वाटू नये. तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. पुढे १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा झाला.

राज्यघटनेत याचे उत्तर कलम २३ मध्ये आहे. या कलमाने वेठबिगारी आणि सक्तीचे श्रम यांना बंदी घातली. त्याच कलमाचा दुसरा भाग फारसा कोणी वाचत नाही. सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लावू शकते, पण ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे देशासाठी सर्वांनी घाम गाळावा, याला घटनेची हरकत नाही. ठरावीक माणसांनीच गाळावा, याला आहे.

शाळेतील सेवा मंडळाला हीच कसोटी लावून पाहा. 'स्वयंसेवक' या शब्दातला 'स्वयं' महत्त्वाचा आहे. काम निवडण्यात, ठरवण्यात मुलाचा वाटा असेल आणि काम सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत असेल, तर ती सेवा. ते नसेल, तर नाव काहीही द्या, ती वेठच.

सोलापूरचे वसतिगृह

विद्यार्थ्यांनी स्वतः पुढाकार घेतल्याचे जुने उदाहरण नळदुर्गपासून तासाभराच्या अंतरावर, सोलापुरात आहे. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे वसतिगृह. ते ४ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाले आणि ते हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी होते. राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. सोलापूरचे नगरसेवक जिवाप्पा ऐदाळे यांनी व्यवस्था पाहिली आणि नगरपालिकेने पैशाचे साह्य केले.

या वसतिगृहातील मुले नुसती राहून, जेवून, शिकून थांबली नाहीत. त्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक सुरू केले. त्या काळी आपल्या घरांत अक्षरओळख असलेला माणूस शोधावा लागे. अशा घरांतून आलेली ही हायस्कूलची मुले. मासिक म्हटले की मजकूर कोण लिहिणार, कोण तपासणार, कागद कुठून आणायचा, अंक वेळेवर कसा काढायचा, हे सगळे कोणीतरी ठरवावे लागते. वही त्यांच्या हातात आली आणि ती त्यांनी चालवली.

योगायोगाने त्याच वर्षी, मे १९२५ मध्ये, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅक्रामेंटोच्या एका हायस्कूलमध्ये 'की क्लब' सुरू झाला. आज जगभर हायस्कूलच्या मुलांचे जे सेवा क्लब दिसतात, त्यांतला हा सर्वांत जुन्यांपैकी एक. तिथे पदाधिकारी मुलेच निवडतात, कार्यक्रमही मुलेच ठरवतात आणि मोठी माणसे सल्लागार म्हणून असतात. १९६२ मध्ये रोटरीने फ्लोरिडातील एका हायस्कूलमधून 'इंटरॅक्ट क्लब' सुरू केले, त्यांचीही रचना बरीचशी अशीच आहे. त्याच देशातील मेरीलँड राज्यात मात्र शालान्त प्रमाणपत्रासाठी ७५ तासांची सेवा बंधनकारक आहे. सक्तीने सेवाभाव येतो का, हा वाद तिथेही झाला. सॅक्रामेंटो आणि सोलापूर यांची परिस्थिती जमीन-अस्मानाइतकी वेगळी होती, पण शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर विश्वास टाकला तर ती संस्था चालवू शकतात.

आपल्याकडे काय उपलब्ध आहे?

वेगळा क्लब काढण्यापूर्वी शाळेत काय आहे, ते पाहावे. अनेक शाळांत स्काऊट-गाईड आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था १९५० पासून काम करते. सहा-आठ मुलांचा छोटा गट आणि त्यांच्यातलाच एक नायक, ही त्याची पद्धत नेतृत्व शिकण्यासाठी फार चांगली आहे. काही शाळांत एनसीसीचा कनिष्ठ विभाग असतो, काही ठिकाणी राष्ट्रीय हरित सेना असते. बहुतेक शाळांत विद्यार्थी मंत्रिमंडळही असते. ते शपथविधीपुरते उरू नये, एवढेच. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये महाविद्यालयांसाठी सुरू झाली, नंतर ती अकरावी-बारावीपर्यंत आली. तिच्यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. हायस्कूलमध्ये कामाची सवय लागलेला मुलगा किंवा मुलगी तिथे गेली की लगेच उठून दिसते.

नळदुर्गला आणखी एक वारसा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे गेली. आई-बाप गमावलेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले. संकटात धावून जाणे अनेकांना जमते. धावपळ संपल्यावर वर्षानुवर्षे मुलांना वाढवणे फार थोड्यांना जमते. सेवा मंडळातील मुलांना ही जागा दाखवावी, तिथल्या मोठ्यांशी बोलू द्यावे.

नेतृत्व कसे घडवायचे?

भाषण करता येते म्हणून किंवा गुण जास्त म्हणून एखाद्याला प्रमुख नेमले, की बाकीची मुले प्रेक्षक होतात. त्यापेक्षा काही साधे नियम आधीच ठरवून घ्यावेत.

पहिला नियम: कामाचे वाटप चिठ्ठ्या टाकून. झाडणे, पाणी आणणे, नोंदी ठेवणे, पाहुण्यांशी बोलणे, हिशेब अशा सगळ्या कामांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि दर महिन्याला नव्याने उचलायच्या. मुली चहा-रांगोळीला आणि मुले मंचावर, ही वाटणीही याच नियमाने मोडते.

दुसरा नियम: प्रमुखपद तीन महिन्यांचे. गुप्त मतदानाने निवड करायची. एकदा झालेल्याने वर्षभर पुन्हा उभे राहायचे नाही. वर्षात तीन-चार मुलांना जबाबदारी मिळते. पायउतार झालेला प्रमुख पुढच्या महिन्यात झाडूची चिठ्ठी उचलतो, हेही शिक्षणच.

तिसरा नियम: आधी विचारा, मग काम करा. वस्तीत, शाळेत, बाजारात जाऊन काय अडते ते लोकांना विचारायचे, वहीत लिहायचे आणि त्यातून एकच काम निवडायचे.

चौथा नियम: हिशेब उघडा. दहा रुपये जमले तरी ते फलकावर लिहायचे. शाळेत ज्याला हिशेब मांडायची सवय लागते, तो पुढे जयंतीच्या वर्गणीचा हिशेबही मांडतो. हे आपल्या मंडळांना किती गरजेचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

सुरक्षेची बाबही आहेच. मुले लहान आहेत. गटारात, शौचालयाच्या टाकीत, वाहत्या पाण्यात त्यांना उतरवायचे नाही. पालकांची संमती घ्यायची, शिक्षक सोबत हवेत, मुली अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचल्या पाहिजेत. दहावीच्या मुलांना दिवाळीनंतर मोकळे सोडावे.

कोणती कामे?

नळदुर्ग म्हटले की किल्ला आणि बोरी नदी. किल्ल्यातील पाणी महाल आदिलशाही काळातला. नदी भरली की नर-मादी धबधबे पाहायला लोक लोटतात आणि गर्दीबरोबर कचराही येतो. मुलांनी एक दिवस कचरा उचलला, तर आठ दिवसांत तो परत दिसेल. त्याऐवजी कोणता कचरा कुठे पडतो याची नोंद करून, शिक्षकांच्या सहीने नगरपरिषदेकडे कचरापेट्यांची मागणी केली आणि तिचा पाठपुरावा केला, तर मुले अर्ज लिहायला, पोच घ्यायला आणि अधिकाऱ्यासमोर न घाबरता बोलायला शिकतात. हे शिक्षण झाडूतून मिळत नाही.

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या निमित्ताने वस्तीतील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेता येतील. ३० सप्टेंबरला भूकंप झाल्यावर काय करावे याचा सराव घेता येईल. २६ नोव्हेंबरला उद्देशिका सामुदायिकपणे वाचतातच, त्याच दिवशी कलम २३ वर वर्गात चर्चा ठेवता येईल.

मात्र सगळ्यांत मोठे काम वर्गातच आहे. दिवाळीच्या आसपास आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि बाक रिकामे होतात. शिक्षकांच्या हजेरीत ती गैरहजेरी असते, पण शेजारी बसणाऱ्या मित्राला आठ दिवस आधीच माहीत असते की हा जाणार आहे. सेवा मंडळाने हीच माहिती वेळेत मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचवावी. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आपल्या गावात ती आहे का, नसेल तर कोणाला भेटायचे, हे कार्यकर्त्यांनी विचारावे. परत आलेल्या मुलाला बुडालेला अभ्यास करून देण्यासाठी दोन मित्र नेमावेत.

दुसरे काम कागदपत्रांचे. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते यात अर्ज अडकतात. कोणाचा कोणता कागद राहिला, याची यादी मंडळाने करावी. शासकीय आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, नववीपासून विकत घ्यावी लागतात. म्हणून निकालानंतर नववी-दहावीची जुनी पुस्तके गोळा करून जूनमध्ये वाटणारी पुस्तकपेढी प्रत्येक शाळेत हवी. घेणाऱ्याचे नाव फलकावर लावायचे नाही, फोटो तर मुळीच काढायचा नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

बुद्धकाळात आळवी नगरीत हत्थक नावाचा उपासक होता. अंगुत्तर निकायात त्याची गोष्ट आहे. त्याच्याभोवती पाचशे माणसे होती. एवढी माणसे कशी जोडलीस, असे भगवंतांनी विचारले तेव्हा त्याने चार मार्ग सांगितले. दान, गोड बोलणे, दुसऱ्याच्या हिताचे काम आणि समानतेची वागणूक. कोणाला कशाची गरज आहे ते पाहून त्याने माणसे जोडली. नेतृत्वाचा याहून सोपा धडा शोधून सापडणार नाही आणि त्यातला चौथा मार्ग चिठ्ठ्यांच्या डब्यातही दिसतो.

आपल्या वस्तीतील मुले ज्या शाळेत जातात, तिथे एकदा जाऊन या. सेवा मंडळ आहे का, विचारा. असेल तर कामाचे वाटप कसे होते ते पाहा. काही खटकले तर भांडणाने सुरुवात करू नका, चिठ्ठ्यांची पद्धत सुचवा. बहुतेक शिक्षकांना ती आवडेल, कारण त्यांचाही त्रास वाचतो. जाणूनबुजून ठरावीक मुलांनाच हलकी कामे दिली जात असतील, तर मात्र पालकांना सोबत घेऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रविवारी विहारात तासभर जागा, एक फळा आणि एक वही एवढे दिले तरी मुलांची बैठक होऊ शकते. बैठक मुलांना घेऊ द्या. आपण मागे बसा.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला सेवा आली ती हुकमाने. कसबे तडवळ्याला ते जमले, ते तो हुकूम झुगारण्यासाठी. त्यांची नातवंडे आज आपल्या मर्जीने झाडू उचलतील, यात कमीपणा काहीच नाही. फक्त पुढच्या महिन्यात तो झाडू दुसऱ्याच्या हातात आणि वही त्यांच्या हातात असली पाहिजे.