प्रवाळपात्रांतील चुना आणि अल्कता

पानाला लावावयाचा चुना, कोंकणच्या किनाऱ्यावर पूर्वीं ज्या भाजून चुना करीत त्या शिंपल्या आणि भर समुद्रांत बेटें उभारणारें प्रवाळ, हीं सारीं एकाच कुळांतलीं आहेत. प्रवाळ हा कांहीं दगड नव्हे, तो प्राणी आहे. परंतु हा इवलासा जीव आपलें घर बांधतो तें मात्र दगडाचें. त्याची सारी सामग्री तो भोंवतालच्या पाण्यांतून घेतो. समुद्राला या खर्चाची क्षिति नाहीं. पण हाच प्राणी दोनशें लिटरच्या कांचेच्या पेटींत ठेवला, कीं समुद्राचें काम पेटीच्या धन्याकडे येतें. तें काम कसें करावें व तें करतांना चांगलीं शहाणीं माणसें कोठें फसतात, हा या भाषणाचा विषय आहे.

ही केवळ हौशी लोकांची करमणूक आहे असें श्रोत्यांनीं समजूं नये. अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्याला, मायामी शहराजवळ, २०१४ सालीं प्रवाळांचें मांस झडून जाण्याचा एक रोग उद्भवला आणि कांहीं वर्षांत तो तेथील सबंध प्रवाळभिंतीवर पसरला. तेव्हां रोग पोंचण्यापूर्वींच निरोगी प्रवाळ उचलून देशांतील निरनिराळ्या मत्स्यालयांत व प्राणिसंग्रहालयांत आश्रयास ठेवण्याची मोहीम काढावी लागली. स्तंभप्रवाळ नांवाची जाति तर त्या समुद्रांतून जवळजवळ नाहींशी झाली आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें फ्लॉरिडा ॲक्वेरियम या संस्थेच्या टाक्यांत या जातीनें माणसानें राखलेल्या पाण्यांत बीजें सोडलीं, तेव्हां शास्त्रज्ञांना मोठें समाधान वाटलें. त्या टाक्यांतील पाण्याचा तोल रोज कोणी तरी मापून सांभाळीत होतें, हें विसरून चालणार नाहीं. आपल्याकडेहि प्रवाळांस वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याचें संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रांतून एखादी फांदी मोडून घरीं आणणें हा गुन्हा होय.

प्रवाळाला घर बांधण्यासाठीं मुख्यतः दोन पदार्थ लागतात. पहिला कॅल्शियम. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत तो सुमारें ४२० मिलिग्रॅम असतो. दुसरा बायकार्बोनेट. पाण्यांत तो किती आहे हें ओळखण्यासाठीं पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचविण्याची शक्ति, मोजतात. कारण समुद्राच्या पाण्यांत ही शक्ति बहुतांशीं बायकार्बोनेट व कार्बोनेट यांच्यामुळेंच येते. अल्कता मोजण्याचें जर्मन अंश म्हणून एक माप प्रचारांत आहे. त्या मापानें समुद्राची अल्कता सुमारें ७ अंश भरते. प्रवाळ कॅल्शियमच्या एका कणाशीं बायकार्बोनेटचे दोन कण जोडतो. त्यांतून कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन घराला लागतें आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी मोकळीं होतात. हें प्रमाण ठरलेलें आहे. अल्कता एक अंशानें उतरली, कीं त्याबरोबर लिटरमागें सुमारें ७ मिलिग्रॅम कॅल्शियम गेलाच म्हणून समजावें.

सारी गोम येथेंच आहे. घरांत भात शिजतो तेव्हां एक माप तांदुळास दोन मापें पाणी लागतें. आतां असें समजा, कीं तांदुळाची कणगी वर्षभराची भरलेली आहे, पण पाण्याची घागर एकच आहे. एक वेळचा भात शिजल्यावर कणगींत फरक दिसणारहि नाहीं, घागर मात्र निम्मी होईल. प्रवाळपात्राचें असेंच असतें. कॅल्शियम ही कणगी आणि अल्कता ही घागर. नवी भर न घालतां प्रवाळानें समजा सातहि अंश अल्कता खाऊन टाकली, तर त्या वेळपर्यंत कॅल्शियम ४२० वरून फार तर ३७० वर येईल. प्रत्यक्षांत तितका वेळ येत नाहीं. त्यापूर्वींच प्रवाळांची वाढ खुंटते व ते मरूं लागतात. म्हणजे ज्याची रोज नाडी पाहावयाची ती अल्कता होय. कॅल्शियम आठवड्यांतून एकदां पाहिला तरी चालतो.

व्यवहारांत नेमकें उलट घडतें. कॅल्शियमचें नांव सर्वांस ठाऊक, हाडांसाठीं त्याच्या गोळ्या घरोघर खाल्ल्या जातात. त्यामुळें धन्याची सारी भक्ति त्याच्यावरच असते. परीक्षेंत ३७० आंकडा आला, कीं तो कॅल्शियम क्लोराइड ओतूं लागतो. वस्तुतः त्यानें आधीं मीठ मोजावयास हवें होतें. समुद्राच्या पाण्यांत हजारांत ३५ भाग मीठ असतें. पेटींतलें पाणी ३१ भागांवर उतरलें असेल, तर कोणी कांहीं न खातांहि कॅल्शियम ३७२ च दिसेल. दोष मिठाचा आणि औषध कॅल्शियमचें, असा हा प्रकार होतो. पुढें मीठ सुधारलें, कीं कॅल्शियम वाजवीपेक्षां वर जातो. मग त्याचा तोल साधण्यासाठीं धनी सोडा ओततो. आणि एके दिवशीं पेटींत दुधासारखा पांढरा ढग उठतो. विरघळलेला चुना एकदम सांका धरून खालीं बसतो, पंप व तापक यांवर त्याचीं पुटें चढतात, आणि अल्कता होती त्याहून खालीं कोसळते. वर्षानुवर्षें वाढविलेलीं प्रवाळें अशा एका रात्रींत गेलेलीं आहेत.

जें ठराविक प्रमाणांत जातें, तें त्याच प्रमाणांत परत द्यावें हा यावरचा सरळ उपाय. त्याचा सर्वांत जुना व सर्वांत देखणा मार्ग आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे चुन्याची निवळी. जर्मन जलजीवपालक पीटर विल्केन्स यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तिचा पुरस्कार केला. शुद्ध पाण्यांत लिटरमागें सुमारें दीड ग्रॅम निर्मळ चुना विरतो. अशा निवळींत कॅल्शियम व अल्कता हीं प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणांत आपोआप असतात. कितीहि घातली तरी एकाचें पारडें जड होत नाहीं. मात्र ती फार दाहक असते. ती थेंबाथेंबानें, शक्यतों रात्रीं द्यावी. कारण अंधारांत पाण्यांतला कार्बन डायऑक्साइड वाढून पाणी जरा आम्लतेकडे झुकतें, त्याला निवळी सांवरते. झाकण उघडें टाकूं नये. निवळींत श्वास फुंकला कीं ती दुधाळते, हा शाळेंतला प्रयोग ज्यांस आठवतो त्यांना उघड्या भांड्यावर साय कां धरते तें निराळें सांगावयास नको. पानाचा चुना मात्र पेटींत घालूं नये; त्यांत दुसरें काय मिसळलें आहे याची हमी नसते.

निवळीला एक मर्यादा आहे. जेवढें पाणी वाफ होऊन उडेल तेवढीच ती घालतां येते. दोनशें लिटरच्या पेटींत प्रवाळ दिवसाला एक अंश अल्कता खात असतील, तर सुमारें पावणेदोन लिटर निवळी रोज लागेल. मुंबईसारख्या ठिकाणीं पावसाळ्याच्या दमट हवेंत पाणी उडतेंच कमी. तेव्हां उन्हाळ्यांत पुरणारी निवळी आषाढांत अपुरी पडूं शकते.

अशा वेळीं दोन बाटल्यांची पद्धति उपयोगी पडते. एकींत कॅल्शियम क्लोराइड, दुसरींत खाण्याचा सोडा किंवा तो भाजून केलेलें कार्बोनेट. अमेरिकन रसायनज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनीं २००६ सालीं तिचें एक सुबक प्रमाण प्रसिद्ध केलें: एक गॅलन, म्हणजे सुमारें पावणेचार लिटर पाण्यांत, एका बाटलीसाठीं ५०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि दुसरीसाठीं भट्टींत तासभर भाजलेला ५९४ ग्रॅम सोडा. दोन्हींतून सारखेंच माप घ्यावें, कीं हिशेब जुळतो. वर सांगितलेल्या पेटीस रोज प्रत्येकीं सुमारें ३८ मिलिलिटर पुरे होईल. परंतु दोन्ही द्रव एकाच जागीं, एकाच क्षणीं कधींहि ओतूं नयेत; दोन कोपऱ्यांत, वाहत्या पाण्यांत, मध्यें वेळ सोडून घालावेत. या पद्धतींत साधें मीठ मागें उरतें. या पेटींत तें महिन्याला सव्वाशें ग्रॅमच्या आसपास जमेल. म्हणून मीठ मोजीत राहावें व पाण्याचा कांहीं भाग वरचेवर बदलावा.

एवढें करूनहि कित्येकांचीं दोन्ही मापें वर राहतच नाहींत. तेथें मॅग्नेशियम पाहावें. समुद्रांत तो लिटरमागें सुमारें १३०० मिलिग्रॅम असतो. चुन्याचा स्फटिक धरूं लागला, कीं मॅग्नेशियम त्याच्या अंगावर बसून वाढ रोखतो. तो कमी पडला, तर घातलेला चुना प्रवाळाला मिळण्याऐवजीं तापकाला मिळतो.

तोल आधींच बिघडलेला असेल तर दोन्ही बाटल्या सारख्या मापानें वाढवीत बसूं नये. त्यानें बिघाड तसाच राहतो. प्रथम मीठ, मग मॅग्नेशियम ठीक करावें. नंतर जें एक उणें असेल तेवढेंच स्वतंत्रपणें भरून काढावें. अल्कता असेल तर दिवसाला एका अंशाहून अधिक चढवूं नये. कॅल्शियम अधिक असल्यास कांहींच न करणें उत्तम. तो थोडा वर असल्यानें प्रवाळाचें बिघडत नाहीं. तोल आल्यावर तीन दिवस कांहीं न घालतां, रोज एकाच वेळीं अल्कता मोजावी, म्हणजे रोजचा खरा खर्च कळतो. सात, आठ कीं नऊ अंश राखावेत याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. आज सात व परवां दहा असे हेलकावे मात्र प्रवाळास सोसत नाहींत. म्हणून रोजचें माप एकदम न ओततां तें दिवसरात्रींत वांटून देणारे छोटे विद्युत्-पंप लावतात. प्रवाळ वाढतील तसा खर्चहि वाढत जातो. तेव्हां हा तीन दिवसांचा हिशेब दर महिन्यास नव्यानें मांडावा लागतो.